पिओनीचा जुना गड्डा हलवायचाय: कधी काढावा, किती खोल लावावा?

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. आमच्या बागेत १५ वर्षांपूर्वी लावलेला पिओनीचा मोठा गड्डा आहे. फुलं गुलाबी, भरगच्च पाकळ्यांची. शेजारचं झाड वाढून त्याची सावली पडायला लागली तशी फुलं कमी होत गेली, यंदा तर चारच आली. म्हणून गेल्या वर्षी वसंतात, कोंब वीतभर वर आल्यावर, कडेचा एक तुकडा फावड्याने तोडून उन्हाच्या जागी लावून पाहिला. तो जगला, पानंही बरी आली, पण यंदा त्याच्या कळ्या लहान असतानाच काळ्या पडून वाळल्या. आता मोठा गड्डाही तिकडेच न्यायचा आहे. अख्खा हलवावा की फोडून? कधी? किती खोल? शिवाय हौसेने झुडपी पिओनीचं एक रोप कुंडीत आणून ठेवलंय, त्यालाही हेच नियम का? आणि कळ्यांवर मुंग्या फार येतात. कळ्या त्यांच्यामुळे तर वाळत नसतील?

उत्तर

ताई, मुंग्यांचं आधी सांगून टाकतो, कारण ते उत्तर छोटं आहे. त्यांचा काही दोष नाही. कळीला बाहेरून धरणाऱ्या हिरव्या निदलांवर गोड रस पाझरतो, तो चाटायला त्या येतात. कळी त्यांच्यामुळे उमलत नाही आणि त्यांच्यामुळे वाळतही नाही. औषध मारू नका.

आता मुख्य गोष्ट. पिओनी नाजूक दिसते पण चिवट आहे. नीट बसली की एकाच जागी ५० वर्षंसुद्धा फुलत राहते. हलवल्यावर ती रुसते त्याची कारणं बहुतेक वेळा दोनच निघतात: चुकीच्या वेळी काढली, नाहीतर जास्त खोल लावली. तुमच्या छोट्या तुकड्याच्या बाबतीत पहिलं तर नक्की घडलंय, दुसरं तपासून पाहावं लागेल. मोठ्या गड्ड्याला हात लावण्याआधी या छोट्याचं काय झालं ते समजून घ्या, पुढचं सगळं त्यावरच बेतलेलं आहे.

पिओनीला दोन तऱ्हेची मुळं असतात. रताळ्यासारखी जाड मुळं म्हणजे तिचं कोठार. पाणी आणि अन्न ओढायचं काम मात्र दोऱ्यासारखी बारीक, पांढरी मुळं करतात, आणि ही मुळं मुख्यतः पानगळीच्या दिवसांत, माती अजून थोडी उबदार असताना फुटतात. वसंतात कोंब वर आल्यावर तुकडा तोडला की ही बारीक मुळं तुटून जातात आणि वर पानं तर दिवसागणिक पसरत असतात. पाणी मागणारे वाढले, आणणारं कोणी उरलं नाही. झाड कोठारातल्या साठ्यावर तो उन्हाळा काढतं, पण पुढच्या वर्षीचे डोळे (मातीखाली धरणारे कोंबांचे अंकुर) पोसायला हाताशी फारसं काही राहत नाही. मग पुढच्या वसंतात कळी धरते खरी, पण ती वाढवणं झेपत नाही आणि झाड तिला सोडून देतं.

तरी काळी पडलेली प्रत्येक कळी उपाशीच असते असं नाही. एखादी कळी दांड्यासकट कापून हातात घ्या. दांडा हिरवा आणि ताठ असेल, कळी कोरडी ठक्क असेल आणि चिमटीत दाबल्यावर चुरा होत असेल, बुरशीचा मागमूस नसेल, तर कारण म्हणजे अशक्तपणा, पाण्याची ओढ, किंवा कळी बारीक असताना उशिरा पडलेलं हिम. कळीखालचा दांडाच तपकिरी होऊन मऊ पडला असेल आणि दमट हवेत त्यावर करडी लव दिसत असेल, तर तो बोट्रायटिस, म्हणजे करडी बुरशी. ही कधी कधी कोवळ्या कोंबालाही बुडाशी धरते आणि चांगला वाढलेला कोंब एका रात्रीत मान टाकतो. असा भाग निरोगी दांड्यापर्यंत खाली कापा, पिशवीत भरून कचऱ्यात टाका, कंपोस्टच्या ढिगात नको. हात आणि कात्री धुतल्याशिवाय शेजारच्या झाडाला लावू नका.

खोलीची तपासणी पानगळीत करा. खोडाच्या बुडाशी माती बोटांनीच हळूहळू बाजूला सारा, खुरपं नको. गुलाबी-लालसर, टोकदार डोळे दिसतील. हेच पुढच्या वसंतातले कोंब. डोळ्याच्या टोकापासून मातीच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. ५ सेंमीपर्यंत असेल तर माती परत सारून झाड तसंच राहू द्या. त्याला फक्त वेळ हवाय. जास्त असेल तर आधी बघा, ती जादा जाडी मूळच्या मातीची आहे की वर्षभर टाकत आलेल्या खताची आणि पालापाचोळ्याची. पुष्कळदा ती वरचीच असते, आणि तेवढी खरवडून काढली की काम होतं. खरोखरच खोल गेला असेल तरच तुकडा उचलून वर घ्या.

कधी

जमीन गोठायला सुमारे सहा आठवडे राहिले असताना. उत्तर गोलार्धात थंडी जिथे लवकर पडते तिथे सप्टेंबर, उशिरा पडते तिथे ऑक्टोबर. दक्षिण गोलार्धात मार्चअखेर ते मे. त्या सुमारास पानं पिवळी-तांबूस होऊ लागतात, झाडाचं वरचं काम संपलेलं असतं, डोळे पूर्ण भरलेले असतात आणि बारीक मुळं फुटायची वेळ पुढ्यात असते. त्याच्या फार आधी, भर उन्हाळ्यात, काढू नका. डोळे भरतात ते त्याच महिन्यांत, पानांनी बनवलेल्या अन्नावर. फुलं संपली म्हणून उन्हाळ्यात पानं छाटणाऱ्यांना पुढच्या वर्षी फुलं कमी मिळतात ती याच कारणाने.

जागा सोडायची वेळच आली आणि वसंतातच हलवणं भाग पडलं, तर डोळे मातीतून नुकते डोकावत असताना, मोठ्या मातीच्या गोळ्यासकट उचला. फोडू मात्र नका, आणि त्या वर्षीच्या फुलांची आशा सोडा. तुम्हाला तशी घाई दिसत नाही, तेव्हा हा मार्ग तुमच्यासाठी नाही.

नवी जागा

रोज किमान सहा तास थेट ऊन हवं. मोठ्या झाडांपासून आणि दाट कुंपणापासून लांब जा, कारण सावलीपेक्षाही त्यांच्या मुळांशी पाण्याची ओढाताण जास्त नडते. (याच कारणाने, जुन्या जागेवरच्या झाडाच्या खालच्या फांद्या छाटून उजेड करून देणं हा अर्धाच इलाज आहे.) दोन पिओनींत एक मीटर अंतर ठेवा. मधून वारा खेळला की बुरशी कमी धरते. जिथे पूर्वी पिओनीच होती तिथे पुन्हा पिओनी लावू नका. मातीत जुने रोग राहिलेले असतात आणि नवं रोप तिथे नीट वाढत नाही. दुसरी जागाच नसेल तर तिथली माती खड्डाभर बदलून टाका.

निचरा मात्र स्वतः तपासा. ३० सेंमी खोल खड्डा करून पाण्याने भरा, ते जिरू द्या, मग पुन्हा भरा. दुसऱ्या वेळचं पाणी तासाला २ ते ३ सेंमीपेक्षा हळू उतरत असेल तर जाड मुळं तिथे हिवाळ्यात सडणार. खड्ड्याच्या तळाशी खडी टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण त्याने काही साधत नाही. चिकणमातीत तो खड्डा पाण्याची टाकीच होतो. त्यापेक्षा वाफा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा २० ते ३० सेंमी उंच करा. मातीचा सामू (पीएच) ६.५ ते ७ च्या आसपास असला म्हणजे झालं.

खड्डा लावणीच्या दोन-तीन आठवडे आधी करून ठेवा: ६० सेंमी रुंद, ४५ सेंमी खोल. खालच्या अर्ध्या भागात तीन भाग माती आणि एक भाग पूर्ण कुजलेलं कंपोस्ट. वरच्या १५ ते २० सेंमीत, जिथे गड्डा बसणार, तिथे नुसती चांगली भुसभुशीत माती. ताजं शेणखत कुठेच नको, ते मुळांना लागलं की सड सुरू होते. हाडांचा चुरा मूठभर टाकलात तर बिघडत नाही. मात्र त्याने फुलांचा पूर येतो असं जे सांगतात ते फारसं मनावर घेऊ नका. मातीत स्फुरद कमी असेल तरच तो कामाचा, आणि वासावर कुत्री उकरतात ते वेगळंच. खड्डा भरून पाणी द्या आणि माती बसू द्या. आधीच खड्डा करायला सांगतोय तो याचसाठी: ताज्या, फुगलेल्या मातीवर लावलेला गड्डा पुढे महिनाभर खचत जातो, आणि मापाने लावलेला डोळा दिसता दिसता खोल जाऊन बसतो.

अख्खा की फोडून

फोडून. १५ वर्षांचा गड्डा अख्खा हलवावा असं वाटणं साहजिक आहे, मोठं झाड म्हणजे लवकर फुलं असा आपला हिशेब असतो. पण जुन्या गड्ड्याची मुळं लाकडासारखी निबर झालेली असतात, मधला भाग पुष्कळदा पोकळ किंवा सडका निघतो, आणि अख्खा हलवलेला गड्डा जुन्या साठ्यावर नुसता बसून राहतो. फोडलेल्या, मुळं आखूड केलेल्या तुकड्याला नवी मुळं काढण्यावाचून गत्यंतर नसतं. दोन-तीन वर्षांत तोच पुढे निघून जातो.

काढायच्या एक-दोन दिवस आधी पाणी द्या, म्हणजे माती वाफशावर येईल. चिखल नको आणि ढेकूळही नको. दांडे जमिनीपासून ५ ते ८ सेंमी ठेवून कापा. ती खुंटं नंतर डोळे कुठे आहेत ते दाखवतात. सर्वांत बाहेरच्या दांड्यापासून ३० ते ४० सेंमी अंतर सोडून फावडं पूर्ण पात्याभर सरळ खाली घाला आणि असं गोल फिरत या. दुसऱ्या फेरीला तिरकं घालून खालून सैल करा. दांड्यांना धरून ओढू नका. डोळे असलेला माथा तेवढाच वर येईल आणि मुळं खाली राहतील. गड्डा बराच जड असतो, दुसऱ्या कुणाला तरी हाताशी घ्या. लांब मुळांची टोकं तुटली तर हळहळू नका, ती पुढे छाटायचीच आहेत.

नळीच्या पाण्याने माती धुऊन काढा आणि गड्डा दोन-तीन तास सावलीत ठेवून द्या. ताजी मुळं काचेसारखी कडकन मोडतात. तेवढ्या वेळात ती थोडी लवचीक होतात. उन्हात मात्र ठेवू नका.

कापण्याआधी गड्डा उलटसुलट करून नीट पाहा. वरच्या बाजूला कापलेल्या दांड्यांची खुंटं, त्यांच्या बुडाशी डोळे, आणि खाली एकमेकांत गुंतलेली जाड मुळं. दोन खुंटांच्या मध्ये बोटाने चाचपलं की कुठेतरी खाच लागते, आणि तिथे गड्डा आपण होऊन वेगळा व्हायला तयार असतो. सुरी तिथेच घाला. फार मोठा गड्डा असेल तर आधी फावड्याने किंवा करवतीने दोन भाग करा. त्यात दोन-चार डोळे जातील, ते जाऊ द्यात. मग एकेक भाग सुरीने. सुरी घालून थोडी पिळली की आवाज करत तुकडा सुटतो. प्रत्येक तुकड्याला तीन ते पाच डोळे आणि निदान दोन-तीन जाड मुळं हवीत. मुळं १० ते १५ सेंमी ठेवून बाकीची छाटा. काळं, मऊ किंवा पोकळ जे दिसेल ते आतला पांढरा, घट्ट भाग लागेपर्यंत कापून टाका. बारीक मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर तो सूत्रकृमींचा, म्हणजे मुळांत राहणाऱ्या सूक्ष्म जंतांचा, प्रादुर्भाव. असा तुकडा नव्या वाफ्यात नेऊ नका. एक गड्डा संपवून दुसऱ्याकडे जाताना, किंवा सडका भाग कापल्यावर, सुरी एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाण्यात बुडवून पुसा.

एक-दोन डोळ्यांचे बारके तुकडे उरतातच. ते जगतात, पण फुलायला दोन-तीन वर्षं जास्त घेतात. एखाद्या कोपऱ्यात रांगेत लावून ठेवा. डोळाच नसलेली मुळं, कितीही जाडजूड आणि टवटवीत दिसली तरी, तुमच्याकडे असावी तशा सर्वसाधारण बागेतल्या पिओनीत सहसा फुटत नाहीत. ती टाकून द्या.

किती खोल

डोळ्याच्या टोकावर २.५ ते ५ सेंमी माती. जमीन भारी असेल किंवा हिवाळा सौम्य असेल तर २.५ च्या जवळ, रेताड जमीन आणि कडक हिवाळा असेल तर ५ च्या जवळ. यापेक्षा खोल गेलं की झाड मरत नाही. वर्षानुवर्षं निरोगी पानं देत राहतं आणि फूल मात्र येत नाही, त्यामुळे चूक लक्षातही येत नाही. कोंबाला वर येतानाच शक्ती खर्च करावी लागते, शिवाय मातीच्या जाड थरामुळे डोळ्यांना थंडी कमी लागते. पिओनीच्या डोळ्यांना फुलायला थंडीची झोप लागते, ० ते ४ अंश सेल्सियसच्या आसपासचे काही आठवडे. ज्या प्रदेशात ती मिळत नाही तिथे कितीही मापात लावली तरी पानांवरच समाधान मानावं लागतं.

हे माप नुसत्या नजरेने जोखू नका. बसलेली माती तुकड्यापुरती उकरा, त्या खड्ड्यात मातीचा छोटा उंचवटा करा, त्यावर तुकडा असा ठेवा की डोळे वर आणि मुळं चहूबाजूंनी तिरकी खाली. खड्ड्याच्या दोन्ही काठांवर टेकेल अशी सरळ काठी आडवी ठेवा. काठीच्या खालच्या कडेपासून डोळ्याच्या टोकापर्यंत पट्टी लावा. एका तुकड्यावरचे सगळे डोळे एका पातळीत नसतात. तुकडा थोडा कलता करून जास्तीत जास्त डोळे मापात आणा, एखादा वर राहिला तर राहू द्या. मुळांच्या सांदीत माती बोटांनी भरा, पोकळी राहिली तर तिथे पाणी साचतं आणि बुरशी धरते. अर्धा खड्डा भरल्यावर बादलीभर पाणी सावकाश ओता, जिरू द्या, आणि काठी ठेवून पुन्हा मोजा. बहुतेक वेळा तुकडा एखादा सेंटीमीटर खाली गेलेला असतो. तेव्हाच उचलून खाली माती सारणं सोपं, नंतर नाही. मग उरलेली माती भरून हाताने बसवा. पाय देऊन दाबू नका, डोळे मोडतात. शेवटी आणखी १० लिटर पाणी.

आणि खूण रोवा. हिवाळाभर तिथे काहीही दिसणार नाही, आणि वसंतात रिकामा वाफा समजून चालवलेलं खुरपं नेमकं डोळ्यांवर बसतं.

पुढची तीन वर्षं

पहिल्या हिवाळ्यात, जमिनीचा वरचा थर गोठू लागल्यावर, ५ ते ८ सेंमी पेंढा किंवा सुकी पानं पसरा. हे ऊब देण्यासाठी नाही. दिवसा वितळणं आणि रात्री गोठणं चालू राहिलं की माती फुगते आणि अजून मुळं न धरलेला तुकडा वर ढकलला जातो. ते टाळायचं असतं. वसंत लागताच आच्छादन काढून टाका, नाहीतर त्याच ओलाव्यात कोंबाला बुरशी धरेल. एखादा तुकडा तरीही उघडा पडलेला दिसला तर वर मापाएवढी माती सारा. दुसऱ्या हिवाळ्यापासून आच्छादनाची गरज नसते.

पहिल्या वसंतात दोन-तीन बारीक दांडे येतील, गुडघ्यालाही लागणार नाहीत. इतकंच का, म्हणून काळजी करू नका आणि खत तर मुळीच घालू नका. कळी धरलीच तर साधारण एक सेंमीची असतानाच खुडून टाका. जिवावर येतं, पण ते अन्न मुळांकडे वळवायचं असतं. दुसऱ्या वर्षी एखाद-दुसरी कळी ठेवा. तिसऱ्या वर्षापासून झाड मोकळं सोडा. तुमच्या छोट्या तुकड्यालाही हाच क्रम लावा, त्याचं पहिलं वर्ष वाया गेलं असं समजून. भरगच्च पाकळ्यांच्या जातीची सुरुवातीची फुलं विरळ, कधी कधी तर अगदी एकेरी येतात. जात बदलली किंवा तुकडा दुसऱ्याच झाडाचा आला असं समजू नका, झाड सशक्त झालं की पाकळ्या भरतात.

पाणी पहिल्या दोन उन्हाळ्यांत आठवड्यातून एकदा, पाऊस नसेल तर, झाडामागे ८ ते १० लिटर, सावकाश. रोज थोडं थोडं शिंपडण्याने मुळं वरच राहतात आणि पानं ओली राहून बुरशी येते. मधून बोट घालून पाहा, १० सेंमीखाली ओल असेल तर पाणी देऊ नका. खत दुसऱ्या वर्षापासून, कोंब ५ ते १० सेंमी झाल्यावर: नत्र कमी, स्फुरद आणि पालाश जास्त असं, मूठभर, खोडापासून १५ ते २० सेंमी लांब गोल फिरवून. हिरवळीवर टाकायचं नत्राचं खत वाऱ्याने किंवा हाताने वाफ्यात येणार नाही हे पाहा. नत्र वाढलं की पानं काळीशार, दांडे लुळे, फुलं मोजकी, आणि करड्या बुरशीला आमंत्रण.

उन्हाळ्याच्या शेवटी पानांवर पांढरी भुरी दिसली तर घाबरू नका, दिसायला वाईट पण इतक्या उशिरा फारसं नुकसान करत नाही. दर पानगळीत मात्र सगळे दांडे जमिनीलगत कापून बागेबाहेर टाका. करडी बुरशी हिवाळा काढते ती याच दांड्यांवर, आणि फवारण्यांपेक्षा ही एक सवय जास्त उपयोगी पडते.

फुलदाणीसाठी तिसऱ्या वर्षापर्यंत दांडे कापू नका. त्यानंतरही एका झाडाचे एक तृतीयांशाहून जास्त नाही, आणि कापताना दांड्यावर खाली दोन-तीन पानं राहिलीच पाहिजेत.

कुंडीतली झुडपी पिओनी

तिला वरचे बरेच नियम लागू नाहीत, म्हणून शेवटी वेगळं सांगतोय. झुडपी पिओनीचं खोड लाकडी असतं आणि पुढच्या वर्षीचे डोळे त्या खोडावरच, जमिनीच्या वर असतात. पानगळीत दांडे कापायच्या ओघात तिलाही कात्री लावली की पुढची फुलं गेली. तिची फक्त पानं गळू द्या, आणि वाळकी फांदी असेल तर ती वसंतात, डोळे फुटल्यावर, खात्री करून काढा.

ही रोपं बहुधा नरम खोडाच्या, म्हणजे तुमच्या जुन्या गड्ड्यासारख्या, पिओनीच्या मुळावर कलम केलेली असतात. कुंडीतून काढल्यावर खोडाच्या खालच्या भागात साल बदलल्यासारखी दिसते, थोडी फुगीर जागा लागते. तो कलमाचा सांधा. तो मातीखाली १० ते १५ सेंमी जायला हवा. इथे खोलीचा नियम बरोबर उलटा आहे, कारण वरच्या झुडपाने सांध्याच्या वर स्वतःची मुळं धरावीत आणि खालचं उसनं मूळ हळूहळू निरुपयोगी व्हावं असा हेतू असतो. कुंडीत सांधा वरच्यावर असेल तर पानगळीत जमिनीत लावताना तेवढं खोल न्या. तोवर कुंडी सकाळच्या उन्हात ठेवा आणि सुकू देऊ नका. लावल्यावर सांध्याखालून वेगळ्या आकाराच्या पानांचे फोक आले तर ते खालच्या मुळाचे असतात. वरून कापून उपयोग नाही, माती उकरून जिथून फुटलेत तिथूनच काढा. शेजारच्या रोपापासून १२० ते १५० सेंमी अंतर सोडा. दुपारची हलकी सावली हिला चालते, उलट तिच्यात फुलं जास्त दिवस टिकतात.

पुढेमागे इतोह पिओनी घ्यायची झाली तर ती या दोघींचा संकर आहे. जपानमध्ये तोइची इतोह यांना तो १९४८ मध्ये पहिल्यांदा साधला. तिचे डोळे ४ ते ५ सेंमी मातीखाली बसवतात. पानगळीत तिचे दांडे १० ते १५ सेंमी ठेवून कापतात, कारण काही डोळे त्या खुंटांवरही असतात. गड्डा इतका कठीण असतो की फोडायला सुरी पुरत नाही, करवतच लागते.